अजून एक घागर

अण्णा, आईनं सहावी घागर आळ्यात ओतली आणि ओट्यावरून तुम्ही म्हणालात, "अजून एक." लोहाऱ्यात तेव्हा टँकर आठवड्यातून एकदा यायचा. शिक्षकांच्या सहलीत तुम्ही कुमाऊँच्या डोंगरांतून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेलं चीड पाइनचं रोप परसातल्या काळ्या मातीत उभं होतं, आणि त्याच्या सुया पिवळ्या पडत होत्या. आपल्याकडं पिवळं पडलं म्हणजे तहान. दुसरं निदान नाही. आई पदराला हात पुसून पुन्हा हौदाकडं जाते. तुम्ही मला विचारता, पाइन कुठं वाढतो? मी पाठ म्हणते: डोंगरउतारावर, पाण्याचा निचरा होणाऱ्या जमिनीत. तुम्ही म्हणता, "शाब्बास."

उत्तर तुम्हाला ठाऊक होतं. तेच मला सहन होत नाही.

रोप वाळलं. शेजाऱ्यांदेखत तुम्ही आईला म्हणालात, "एक झाड जगवता आलं न्हाय तुला. हाताला यशच न्हाय तुझ्या." गुरुजींचा शब्द, गावानं उचलला. पुढं बाया तुळस लावताना तिला म्हणायच्या, "वैनी, तुमी लांबूनच बघा." ती लांब बसायची. तुम्ही गेलात, तरी बसायची.

गेल्या महिन्यात मी लेकीकडं कुमाऊँत गेले होते. उन्हाकडं तोंड केलेले खडकाळ उतार, त्यांवर चीडच चीड. बुंधे वणव्यानं काळे, शेंडे हिरवे. पाऊस पडतो आणि वाहून जातो. गवत कापणाऱ्या बाईला मी विचारलं, इसको पानी कौन देता है? ती विळा टेकून हसत सुटली. "पानी? दीदी, ये तो पत्थर में उगता है."

काल माहेरी येऊन आईला सांगितलं, झाड तू मारलं नाहीस, पाण्यानं मेलं. ती शेंगा फोडत होती.

"ठाव हाय. उपटलं तवा मुळं सडली व्हती. वास येत व्हता."

"मग बोलली का न्हाईस?"

"गुरुजीला शिकवायचं व्हय?"

हे पत्र कुठं धाडणार? पण लिहायचंच तर सगळं लिहिते. त्या वर्षी शाळेत पोरींनी विचारलं, तेव्हा मीही म्हणाले होते, आमच्या आईनं मारलं झाड.

आज सकाळी आई रोजच्यासारखी तुमचा फोटो पुसायला उठली. मी तिच्या हातातून फडकं घेतलं. फोटो तसाच राहिला.