उजव्या हाताची बोटं

१६ नोव्हेंबर २००४, मंगळवार
दिवाळी संपली आणि प्रेसवर लग्नपत्रिकांची झुंबड. सकाळी पत्रिका लावायला कॉम्प्युटरवर बसले ती डबा खायलाही उठले नाही. डाव्या हातात पोळीची गुंडाळी, उजव्यात माऊस. अंगठा आणि पहिली दोन बोटं, मुंग्याच मुंग्या. झटकलं की जातात. गौरी पोटात असताना सुरू झालं तेव्हा सगळ्या म्हणाल्या, बाळंतपणात होतं असं, जाईल आपोआप. गौरी आठ महिन्यांची झाली.

१९ नोव्हें., शुक्र.
पहाटे जाग आली तर हात दुसऱ्याच कोणाचा तरी. पलंगाखाली लोंबता ठेवला, तेव्हा कुठे आपला वाटला.
दुपारी चहाचा कप निसटला. शेजारच्या मशीनवरच्या स्वातीने पाहिलं. दाखव कोणाला तरी, म्हणाली. तिला म्हटलं, मालकांच्या, पवार सरांच्या कानावर घालू नकोस. मागच्या सीझनला मानेला पट्टा लावून येणाऱ्या मुलीला सरांनी अगदी गोड बोलून घरी पाठवलं. बरी झालीस की ये. ती बरी झाली. पण बोलावलं नाही.

२४ नोव्हें., बुध.
माऊस डावीकडे घेतला. बाण भलतीकडेच पळतो. एका पत्रिकेला दुप्पट वेळ. सर मागे येऊन उभे राहिले, घड्याळ पाहिलं, गेले. बोलले असते तर बरं.
ह्यांनाही सांगितलेलं नाही. नवीन नोकरी, कंपनीत शिफ्ट, त्यात हे कशाला.

२८ नोव्हें., रवि.
लिहावं की नाही.
एरवी गौरीला आंघोळ सासूबाई घालतात, फुलबाजारातून आल्यावर. आज सुट्टी म्हणून मी घातली. गरम पाण्यात गार ओतलं, उजव्या हाताची बोटं बुडवून पाहिली. कोमट वाटलं. खरंच कोमट वाटलं. रिकाम्या टबात तिला बसवलं आणि पायावर तांब्या ओतला.
ती किंचाळली तसं उचलली. सा.बा. नुकत्याच आल्या होत्या, टोपली टाकून धावत आल्या. बादलीत हात घातला आणि झटकन काढला.
"तुला कळलं नाय का गं?"
नाही कळलं, म्हटलं. त्यांना वाटलं, माझं लक्ष नव्हतं.
मुलांच्या डॉ.नी मलम दिलं. वरवरचं आहे, डाग राहणार नाही म्हणाले. डाव्या पावलावर फोड आहे मात्र. मला बघवत नाही.

२९ नोव्हें., सोम.
प्रेसला गेले नाही. ह्यांना सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "इतके महिने? आणि मला आज सांगतेस?" आवाज चढवला नाही. त्यानेच जास्त रडू आलं.
सा.बां.नी गौरीचं दुपटं, मलम, बाटली सगळं त्यांच्या खोलीत नेलं. ती झोपली की दार लोटून घेतात. सांगितलं त्यांना, बोटांना समजतच नाही हो आई. त्या म्हणाल्या, "माझे बी हात दिवसभर फुलं ओवत्यात. पाणी तर कळतं मला."


३ डिसें., शुक्र.
कॉलेज रोडला हाडांच्या डॉ.कडे. आधी हाताला करंट देऊन नस तपासली. मनगटात दाबली गेलीय. दिवसाचे किती तास माऊस, मनगट टेबलाच्या कडेवर टेकतं का, मधे उठता का. उठत नाही, म्हटलं. दोन्ही तळवे शेजारी ठेवायला लावले. उजव्या अंगठ्याखालचा उंचवटा बसलाय, डावा भरलेला. इतकी वर्षं माझाच हात, आणि मला दिसलं नव्हतं.
एकट्या माऊसमुळेच असं नाही म्हणाले, बाळंतपणानेही होतं. पण त्यानंतर हाताला विश्रांतीच मिळाली नाही.
ऑपरेशन लवकर करा. उशीर झाला तर जाणीव परत येईलच असं नाही.

६ डिसें., सोम.
सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, आम्ही छपाईचे शिशाचे खिळे जुळवायचो तेव्हा दिवसभर उभे असायचो, पाय मोडायचे, तुमचे आता हात. मग म्हणाले, जानेवारी तेवढा काढ. एवढ्या पत्रिका अर्धवट टाकून जाशील तर मी लोकांना काय तोंड दाखवू?
विचार करते म्हटलं आणि घरी आले. हे म्हणाले, विचार कसला? पुढच्या मंगळवारची ऑपरेशनची वेळ घेतलीय.

१४ डिसें., मंगळ.
झालं. हात गळ्यात. हे डाव्या हाताने लिहितेय, माझं मलाच वाचता येणार नाही. फक्त मनगट बधिर केलं होतं, आवाज सगळे ऐकू येत होते. पडद्यापलीकडे डॉ. कोणाशी तरी लग्नाच्या जेवणाबद्दल बोलत होते. मी बोटं मोजत होते, आहेत का सगळी.

२० डिसें., सोम.
सर घरी आले. सोबत टेम्पोत मशीन. घरूनच कर, डाव्या हाताने जमेल तेवढं, कोणी घाई करणार नाही. मी हो म्हटलं.
हे कंपनीतून आले तर हॉलमध्ये टेबल, वायरी. डब्याची पिशवी हातातच ठेवून विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले होते?" उजव्या हाताबद्दल म्हणाले होते, मी म्हटलं. 

२८ डिसें., मंगळ.
टाके काढले. डॉ.नी डोळे मिटायला सांगून कापसाने एकेका बोटाला हलकेच शिवलं. अंगठा कळला. दुसरं बोट थोडं. मधलं... त्यांनी कधी लावलं, कधी काढलं, कळलंच नाही. डोळे उघडले तर ते कागदावर लिहीत होते. महिने लागतात, म्हणाले. किती, ते सांगेनात.
गौरीचा फोड पूर्ण वाळला. आता धरून उभी राहते, सगळं ओढते. माझ्याकडे झेपावली तर सा.बा. मधे हात घालतात. रागाने नाही. सवयीने.

३ जाने. २००५, सोम.
सहा तास बसले. घरी असल्याने कोणी उठवतही नाही. हे मधेच मशीनचं बटण बंद करून गेले, काम सेव्ह केलेलं नव्हतं. ओरडले मी.  स्वातीचा फोन आला, सरांनी माझ्या खुर्चीवर कोणाला बसवलेलं नाही म्हणाली. बरं वाटलं आणि भीतीही.

६ जाने., गुरु.
सकाळी डाव्या अंगठ्याला मुंग्या. झटकला, गेल्या. चहानंतर पुन्हा.
ह्यांना सांगायचं ठरवलं. ते शिफ्टला निघाले होते, बूट घालत होते. डॉ.नी परवा बोलावलंय ना, एवढंच विचारलं त्यांनी. हो म्हटलं.
दुपारी सा.बा. फुलांचे हार बांधत बसल्या होत्या, गौरी मांडीवरून उतरेना. अचानक तिला माझ्यापुढे धरलं. "घे जरा हिला, मोठी ऑर्डर आलीय."
सव्वा महिन्याने पहिल्यांदा.
उजव्याची खात्री नाही, डाव्याचीही राहिली नाही. हे त्यांना सांगायचं ओठांवर आलं होतं. गौरी हात पसरून. मी आधी फरशीवर बसले, भिंतीला पाठ टेकली, पाय लांब केले, आणि मग म्हटलं, द्या.