पौर्णिमेच्या दुपारची ओहोटी

अलिबाग,
दि. १८ जानेवारी

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोस्टमनने दिलं तेव्हा घरमालकीणबाई अंगणात वाल सोलत होत्या. आजकाल पत्र कोण लिहितं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझे बाबा. त्यांना फोनवर ऐकू येत नाही. कानाचं मशीन शिट्ट्या मारतं म्हणून ते त्यांनी आईच्या फोटोमागे ठेवून दिलंय. मोबाइलवर लिहून पाठवावं तर शेजारचे माणिकराव मास्तर ते मोठ्याने वाचून दाखवतात, आणि बातमी त्यांच्या आधी शेलूबाजारच्या जीपवाल्यांना कळते. बाई इतक्या हसल्या की मांडीवरचं सूप कलंडलं.

तुम्ही लिहिलंत, तुझ्या आईला समुद्र पाहायचा होता, तो राहिला. आता तिथं काय काय पाहण्यासारखं आहे ते सविस्तर कळव. इथे बदली होऊन सात महिने झाले, पण नीट फिरणं आत्ताच सुरू झालंय. अनुप शनिवारी पुण्याहून येतो, रविवारी आम्ही निघतो. गेल्या रविवारी कनकेश्वरला गेलो. डोंगरावर महादेवाचं देऊळ आहे, पायऱ्या सातशेच्या वर. अनुप मोजत होता. चारशेच्या पुढे कुठेतरी चुकला आणि ‘तू मध्येच बोललीस म्हणून चुकलो,’ असं म्हणाला. गावात कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे. समुद्राच्या वाटेवर जुनी वेधशाळा आहे. पृथ्वीच्या चुंबकाची मोजणी तिथे होते, म्हणून त्या इमारतीत म्हणे लोखंडाचा खिळासुद्धा वापरलेला नाही. आत सोडत नाहीत. मी फाटकाबाहेर थोडा वेळ उभी राहिले.

मुख्य म्हणजे कुलाबा किल्ला. तो चक्क समुद्रात आहे. ओहोटी असली की वाळूवरून पायी जायचं, भरती आली की चारी बाजूंनी पाणी. वेळ कशी कळते ते बाईंनी सांगितलं. त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि तिचा पाऊणपट करायचा. जेवढे येतील तेवढ्या वाजता पाणी भरलेलं. त्यानंतर सहा तासांनी उतरलेलं. तुमच्यासारखंच, सगळा कारभार तिथीवर! तुम्ही मेथी पेरायला कॅलेंडर बघता, हे किल्ल्यावर जायला बघतात.

सांभार मागितला की इथला भाजीवाला अजून मला इडलीवाल्याकडे पाठवतो. कोथिंबीर म्हणायची सवय करतेय. थंडी आहे, कानाला मफलर बांधत जा. माया आहेच, ती पत्रातून अशीच येऊ द्या.

आपली,
शुभांगी


शेलूबाजार,
दि. २५ जानेवारी, रथसप्तमी

चि. सौ. शुभांगीस अनेक आशीर्वाद.

पत्र भेटलं. दोनदा वाचलं. मग कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलनं लिहून ठेवलं, ११ तारीख, कनकेश्वर. तुह्या मायनं गॅसच्या टाकीची तारीख लिहावी तसं मी तुहं फिरणं लिहून राह्यलो. पाणी कधी भरते अन् कधी उतरते याचा हिशोब मले भल्ला आवडला. माणिकराव म्हणे, रंगराव, तुले समुद्राशी काय करनं हाय, तुह्या इहिरीले भरती येते काय? म्या म्हटलं, मास्तर, इद्या वाया जात नाई.

वावरात मेथी निघाली. सांभार जोरात हाय, त्याले तिथं काय म्हणतात ते मले सांगू नोको. वांग्यावर कीड होती, आता कमी हाय. भुरीबाई रोज येऊन दोन भाकरी थापून जाते, भाजी बी करते. माह्यी फिकर करू नोको.

एक इचारतो. जावईबापू पयले तुह्या पत्राच्या खाली दोन ओळी लिहीत. ‘बाबा, या एकदा, मासे खाऊ घालतो,’ असं माळकरी माणसाले चिडवत. दिवाळीपासून एक बी ओळ नाई. माह्यावर रागावले काय? त्यायले सांग, मासे नाई खात, पण चिडवाची मनाई नाई.

किल्ला पाहून घे. समुद्राच्या मधात गोड्या पाण्याची इहीर हाय म्हणतात, ते खरं हाय काय ते पाह्य. आत गणपती हाय, त्याच्यापुढं माह्या नावानं हात जोड. तुह्या मायच्या नावानं पाय पाण्यात बुडव.

ऊन-थंडी सांभाळ. आठोन ठेवतच असशील, तशीच ठेव.

तुहा बाप,
रंगराव


अलिबाग,
दि. २ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

काल रविवारी किल्ला पाहिला! तुम्ही सांगितलं म्हणून मुद्दाम गेलो. अनुपही होता. दुपारी बाराला निघालो. चपला हातात घेतल्या. ओल्या वाळूवर पाण्याने नांगरल्यासारख्या बारीक सऱ्या पाडलेल्या असतात, तुम्हाला बघून वाटलं असतं की इथे गाजर पेरावं. मध्ये एका ठिकाणी घोट्याएवढं पाणी होतं, तिथे आईच्या नावाने थोडा वेळ उभी राहिले.

आत विहीर आहे. पाणी गोड आहे. गणपतीचं देऊळ मोठं सुंदर आहे, तुमच्या नावाने हात जोडले. तटावर तोफा आहेत, त्यांच्यावर बसून लोक फोटो काढतात. अनुपनेही माझा काढला, पण डोळे मिटलेले आलेत, म्हणून पाठवत नाही. परतताना भूक लागली तर त्याने भजी घेतली आणि निम्मी एकट्यानेच खाल्ली.

तो घाईने पुण्याला गेला, म्हणून ओळी लिहायच्या राहिल्या. तुमच्यावर कशाला रागावेल? कामात असतो.

भुरीबाईंना माझा नमस्कार सांगा. त्या आहेत म्हणून मला इथे घास गोड लागतो. तुमच्या आशीर्वादात जागा असू द्या.

आपली,
शुभांगी


शेलूबाजार,
दि. १० फेब्रुवारी

चि. सौ. शुभांगीस अनेक आशीर्वाद.

पत्र चार दिवस झाले येऊन. उत्तर लिहाले बसलो अन् उठलो, असं तीनदा झालं.

तुहा किल्ला कॅलेंडरात लिहाले गेलो. एक तारखेच्या चौकटीत पुनव छापली हाय. म्हटलं, पाहू तं खरं, तिथला हिशोब मले जमते काय. पुनव म्हणजे पंधरा. पंधराचा पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकराले समुद्र भरलेला. तू बाराले पायी निंघाली. घोट्याएवढ्या पाण्यातून.

पयले वाटलं, माह्यंच गणित चुकलं. माणिकरावले मांडून दाखोलं, पण तुहं नाव नाई घेतलं. ते म्हणे बराबर हाय, त्या टायमाले तिथं माणूस बुडन. मग म्या जुनी पत्रं काढली. दिवाळीपासूनच्या साऱ्या पत्रात जावईबापू तुह्यासंगं चढतात, मोजतात, भजी खातात. पण कोन्या एका पत्राले त्यायचा हात लागला नाई.

मी रागावलो नाई, पोरी. बाग करणाऱ्याले माहीत असते, पान वरून हिरवं दिसते अन् मुळाले पाणी नसते. मले एकच गोष्ट टोचली. तुले खोटं लिहा लागलं, म्हणजे म्याच कधी असं काही लिहिलं असन की तुले खरं लिहाची सोय राह्यली नाई. ‘लेक सुखात हाय, आता मी मोकळा,’ असं म्या दसऱ्याले लिहिलं होतं. तेच असन.

अन् मी तरी कुठं सरळ हाय? भुरीबाई दिवाळीपासून रिसोडले लेकीपाशी गेली. भाकरी कोनी थापत नाई. मी दोन्ही टायमाले खिचडी टाकतो अन् दारात बसून खातो, रस्त्यानं जाणाऱ्याले ‘या जेवाले’ म्हणाले भेटते म्हणून. तुले लिहिलं नाई, कारण तू नोकरी सोडून पळत आली असती.

आता तू लिही. काही नाई लिहिलं तरी चालन, पण जे लिहिशीन ते कॅलेंडरात बसलं पाह्यजे.

जीव लावून राह्यलेला,
रंगराव


अलिबाग,
दि. १७ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न.

पत्र कचेरीत वाचलं. मग फाईल घ्यायच्या निमित्ताने रेकॉर्डच्या खोलीत जाऊन बसले.

अनुप दिवाळीपासून आलेला नाही. भांडण झालं नाही, बाबा. झालं असतं तर बरं होतं, मिटवता आलं असतं. तो म्हणाला, माझं मन तिथे यायला तयार होत नाही आणि मला नाटक करायचं नाही. पुण्यात दुसरं कोणी आहे का, हे मी विचारलं नाही. मार्चअखेर दोघांच्या संमतीने वेगळं व्हायचे कागद करायचं ठरलंय. मी बेचाळीस वर्षांची आहे आणि हे तुम्हाला कसं सांगायचं ते मला येत नव्हतं. तुमच्या त्या दसऱ्याच्या ओळीचा दोष नाही. ती ओळ मला खरी ठेवायची होती.

त्या रविवारी मी बाराला किनाऱ्यावर गेले होते. डबा घेतला होता. पाणी अगदी वरपर्यंत भरलेलं. मी बाकावर बसून किल्ल्याकडे बघत होते आणि शेजारी पुण्याचं एक कुटुंब आदल्या दिवशी आत काय पाहिलं ते एकमेकांना सांगत होतं. विहीर, देऊळ, तोफा सगळं त्यांचं. भजीसुद्धा त्यांचीच. मी फक्त अनुप घातला. कनकेश्वरला मात्र मी खरंच गेले होते. पायऱ्या मीच मोजत होते आणि मीच चुकले.

इथे रविवारी एकट्या बाईला एक काम मिळतं. सगळे जण येऊन हातात मोबाइल देतात, ताई जरा आमचा फोटो काढता? एकटी आहे, घाईत नाही, पळून जाणार नाही, हे त्यांना लांबूनच कळतं. एका रविवारी मी एकवीस फोटो काढले. जरा जवळ या, हसा, असं मी सांगते आणि ते ऐकतात.

किल्ला आतून मी एकदाही पाहिलेला नाही. बुडायची भीती नाही. पण बाई सांगतात, वेळ चुकली तर आतच अडकायचं, सहा तास, पाणी उतरेपर्यंत. मला वाटतं, अडकलेले लोक गप्पा मारत असतील, डबे सोडत असतील. मी एकटी तिथे कोणाशी काय बोलू?

तुम्ही काळजी करू नका, आणि निघून येऊ नका, प्रवास फार लांबचा आहे. खिचडीत मेथी घालत जा. तुमची सावली आहेच, तेवढी राहू द्या.

तुमची,
शुभी


शेलूबाजार,
दि. २४ फेब्रुवारी

चि. शुभीस अनेक आशीर्वाद.

येऊ नका, असं लिहिलं ते वाचलं. मी येऊन राह्यलो.

पाच तारखेले इथून सकाळच्या गाडीनं निंघतो. पनवेलपर्यंत माणिकराव संगं हायेत, त्यायच्या भाच्याचं लगीन हाय तिकडं. पुढं मी एकटा एस्टीनं येतो. पाटी मले वाचता येते.

सहा तारीख, शुक्रवार, तुही रजा टाक. त्या दिवशी संकष्टी हाय. चतुर्थी म्हणजे चार, चाराचा पाऊणपट तीन. रात्री तीनाले पाणी भरन अन् सकाळी नवाले उतरन. तुह्या घरमालकीणबाईले इचारून ठेव, बराबर हाय काय. नवाले आपण निंघू. गणपती समोरासमोर पाहू. इहिरीचं पाणी मी सोता पिऊन सांगन, गोड हाय का नाई. लोकायच्या पाण्याचा भरोसा नाई.

मास्तरनं त्यायचा मोबाइल देऊ केला. म्या घेतला, फोटोचं बटन कोनतं ते शिकून राह्यलो. तुले कोनी सांगत नसन, जरा हसा म्हणून.

माहा उपास हाय. तुह्यासाठी भाकर-ठेचा बांधून आणतो. भाकर आता मले येते, फक्त गोल नाई येत. दोन टायमाच्या आणतो. आत बसल्या-बसल्या पाणी फिरलं तं फिरू दे, आपल्याले काही घाई नाई.

तुह्या मायच्या फोटोमागून मशीन काढलं. सेल नवे टाकले. शिट्टी मारते, मारू दे. सहा तास हायेत, तू बोल.

वाट पाह्यजो.

बाबा