पाव इंच

१७ जानेवारी

प्रिय लेनोरा,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, आम्ही दोघंही जिवंत आहोत. फोन केला असता, पण फोनवर मी दोन मिनिटांत हवापाण्यावर येतो आणि तू "बरं बाबा, आईला द्या" म्हणतेस. हे इतकी वर्षं चाललंय की आता त्याची सवयच झालीय. म्हणून पत्र. सावकाश वाच. मध्येच ठेवून द्यावंसं वाटलं तर ठेव, पण शेवटपर्यंत ये.

परसातल्या पेकानच्या झाडाचं काय करायचं, हा प्रश्न आहे. झाड राहिलं तर तुझ्या आईसाठी खाली खोली होत नाही, आणि खोली बांधली तर झाड राहत नाही. मी सगळीकडून मापून पाहिलं. पुढे रस्त्यासाठी सोडलेली जागा, दोन्ही बाजूंना कुंपणं, आणि घर बांधणाऱ्या शहाण्यानं न्हाणीघर नेऊन ठेवलंय वरती. एकतीस वर्षं शाळेत पोरांना सुतारकाम शिकवलं, पण स्वतःच्या घरातल्या तेरा पायऱ्यांवर मला उपाय सापडत नाही.

सप्टेंबरात आई "जरा घसरली" असं आम्ही तुला सांगितलं होतं. ती घसरली नव्हती, तिला अर्धांगाचा झटका आला होता. डावा पाय अजून तिचं ऐकत नाही. आधी ती एकेका पायरीवर बसत बसत खाली यायची, तान्ह्या पोरासारखी, आणि मोठ्यानं मोजायची. नाताळच्या आठवड्यात सातव्या पायरीवर अडकली ती तासभर. त्यानंतर खाली आलेलीच नाही. रविवारी तुझा फोन येतो तेव्हा ती तुला स्वयंपाकघरात आहे म्हणून सांगते ना? ती पलंगावर असते. मी शेजारी उभा राहून पातेल्यावर चमचा वाजवत असतो. गेल्या खेपेला तू विचारलंस, "काय शिजतंय?" आणि ती म्हणाली, "वाल आणि मक्याची भाकरी." मला हसूही आलं आणि रडूही आलं. तुला कळवायचं नाही, अशी तिची सक्त ताकीद आहे. म्हणते, "पोरगी नोकरी टाकून धावत येईल, आणि मग तुम्ही दोघं माझ्या उशाशी बसून भांडाल."

तिचं काही चुकलं नाही त्यात.

तुला आजोबांची गोष्ट पाठ आहे, तरी सांगतो, म्हातारपणी माणूस तेच तेच सांगतो. या रस्त्यावर काळ्या माणसाला घर विकायला कोणी तयार नव्हतं. दोन वकिलांनी त्यांना वर्षभर हेलपाटे घालायला लावले. खरेदीखत हातात आलं त्याच आठवड्यात त्यांनी डब्यात रुजवलेलं हे पेकान परसात लावलं आणि मला म्हणाले, "रॉस्को, आता कोणी इथून ऊठ म्हणायला आलं, तर म्हणावं, आधी याला उठव." मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. माझी जमीन, माझं झाड, हे माझ्या डोक्यात तेव्हापासून बसलंय. ते वकिलांच्या पुस्तकातून आलेलं नाही.

आणि मग तू सतरा वर्षांची झालीस आणि नगरपरिषदेच्या सभेत उभी राहिलीस. पिवळा स्वेटर, हातात कागद. तीन मिनिटं मिळाली होती, तू दोनच घेतलीस. म्हणालीस, झाड एकाच्या अंगणात असलं तरी सावली सगळ्यांच्या अंगणात पडते. आणि आपल्याच झाडाचा निवाडा माणसानं आपणच करू नये. चारास तीन मतांनी नियम झाला: चोवीस इंच जाडी भरली की झाड मालकाचं असलं तरी तोडण्याचा अधिकार शहराच्या मंडळाचा. पण मतदानाच्या आधी मी उठलो होतो. मी काय बोललो ते तुला आठवतं, मलाही आठवतं. "माझी मुलगी माझ्या छपराखाली फुकट राहते. तिला मत असू शकतं, हक्क नाही." सगळी सभा हसली. तू हसली नाहीस. पुढच्या वर्षी तू शिकायला सिएटलला गेलीस आणि मी सगळ्यांना सांगत राहिलो की तिकडचं कॉलेज चांगलं आहे.

तुझ्या नियमाचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. चोवीस भरायच्या आत लोक झाडं पाडायला लागले. शेजारच्या हर्लीनं त्याची मॅग्नोलिया तेवीस इंचांना पाडली आणि मला म्हणाला, "वयात यायच्या आत उरकून टाकलं रे बाबा." नियम नसता तर ती आज उभी असती. हे मी तुला फोनवर मोठ्या मजेत सांगितलं होतं आणि तू फोन ठेवून दिलास. बारा वर्षं झाली त्याला. मी मात्र आपलं झाड तेवीसला पाडलं नाही. साडेतेवीसलाही नाही. दर जानेवारीत मापायचो आणि फीत गुंडाळून खिशात ठेवायचो. का, ते मला विचारू नकोस.

मंडळाकडे रीतसर अर्ज करायचा तर सुनावणीला आठ-दहा महिने जातात. वरच्या आळीतल्या एकाला चाकाच्या खुर्चीच्या उतारासाठीसुद्धा नाही म्हणाले. आईजवळ आठ-दहा महिने आहेत की नाहीत, डॉक्टर सांगत नाहीत. तिला विचारलं, तर एक दिवस म्हणते, "झाडाला हात लावलास तर मी वरच मरेन." दुसऱ्या दिवशी म्हणते, "त्या खिडकीतून तेच झाड बघून बघून मला वीट आलाय, रॉस्को. मला माझ्या चुलीशी ने." मी थकलोय, लेनोरा. वर-खाली ताटं नेऊन माझेही गुडघे गेले.

गेल्या सोमवारी शहराचा माणूस मापायला आला. मेब्री, माझाच विद्यार्थी. नववीत त्याच्या स्टुलाचा एक पाय पाव इंच आखूड झाला होता, तेव्हा मी त्याला ते तीनदा करायला लावलं होतं. पाव इंच म्हणजे थोडं नाही, पाव इंच म्हणजे खोटं, असं सगळ्या वर्गासमोर सुनावलं होतं. त्यानं छातीच्या उंचीवर जाडी दाखवणारी फीत गुंडाळली. मी चष्मा लावून शेजारी उभा होतो. चोवीस. पूर्ण चोवीस. त्यानं वर खिडकीकडे पाहिलं, आईनं हात हलवला. मग तो म्हणाला, "सर, साल सैल आहे. मी पावणेचोवीस लिहितो." मी चष्मा काढून खिशात ठेवला. जाताना म्हणाला, "तीनदा तुमचं ऐकलं सर, आता एकदा माझं ऐका." आणि दाखला माझ्या हातात ठेवून गेला.

आता शेवटचं. तो दाखला या पाकिटात आहे. एकच प्रत, शिक्क्याची. पंधरा मार्चपर्यंत चालते. ती हातात असल्याशिवाय झाड पाडणारे करवत लावत नाहीत. घरात होती तोवर रोज उठून मी तिच्याकडे बघायचो आणि रोज निराळं ठरवायचो. आपल्याच झाडाचा निवाडा आपण करू नये, असं तू म्हणाली होतीस. मी तेव्हा लोकांना हसवलं. जमिनीबद्दल मी अजूनही तोच आहे, पण तुझ्याबद्दल जे बोललो ते चुकलं. भर सभेत चुकलं आणि चोवीस वर्षांत कबूल केलं नाही. हे सगळं ओझं तुझ्यावर टाकतोय, तो माझा भित्रेपणा आहे, कळतं मला. दाखला फाडायचा तर फाड, मला परत द्यायचा तर दे, मी एक शब्द बोलणार नाही. फक्त पोस्टानं पाठवू नकोस. घेऊन ये. दार उघडंच असेल. माझ्यापाशी थांबू नकोस, सरळ वर जा. तिला खाली येता येत नाही.

तुझाच,
बाबा