कपाटाला बांधलेली टेप

२ जून, सोमवार. सकाळी सात.

आजपासून रोज लिहायचं ठरवलं. वही शिलाईच्या मापांची, मागची पानं कोरी होती. गावच्या शाळेत मास्तर म्हणायचे, हिचं अक्षर सरळ आहे, डोकं तेवढं तिरकं. अक्षर अजून सरळ आहे.

विषय एकच. नात. वय अकरा. लेक नर्स आहे, लांबच्या शहरात, पाळ्यांची नोकरी. म्हणून तीन वर्षं पोरगी माझ्याकडे. आत्तापर्यंत चिमणीसारखी खायची. गेल्या महिन्यापासून काय झालंय कळत नाही. काल सहा अंडी उकडली. मी एक खाल्लं. उरलेली कुठेत म्हणून विचारलं, तर म्हणते, आजी, उरली कुठं?

नाव ठेवलं, टोळ. हसली. चांगली आहे पोर, चिडत नाही.

उंची मोजली. चोपन्न इंच. वहीत लिहिलं. जूनअखेर खाण्यावर कंट्रोल आणायचा. अवघड नाही. आमच्या ह्यांची सिगारेट मीच सोडवली होती. (ते जायच्या आधी एक महिना. पण सोडवली.)

४ जून, बुधवार

प्लॅन एक. जेवणाआधी दोन ग्लास पाणी. टोळ शहाण्यासारखी प्याली. मग जेवली. मग म्हणाली, पाण्याने भूक मस्त लागते गं.

५ जून

प्लॅन दोन. लहान ताटली. चार वेळा घेतलं. ताटली इतकी चाटूनपुसून साफ की धुवायची गरजच नव्हती. हा फायदा झाला, तोही लिहिला पाहिजे.

९ जून, सोमवार

केळी कापडाच्या गाठोड्यात लपवली. छान आयडिया. फक्त मीच विसरले. शर्टाच्या पांढऱ्या कापडाला डाग. शेजारचा इस्त्रीवाला म्हणाला, मावशी, आता गिऱ्हाइकाला शर्टाबरोबर सालही देणार का? त्याला म्हटलं, तुझ्या इस्त्रीने माझ्या गिऱ्हाइकांचे शर्ट जळतात तेव्हा मी राखेचं विचारते का? इस्त्रीवर पाणी शिंपडायला लागला.

११ जून, बुधवार. दुपारी दोन.

उपाय सापडला!! शेगडीशेजारचं लाकडी कपाट. दोन दारं, दोन मुठी. ब्रेड, बिस्किटं, अंडी, सगळं त्यात. दोन्ही मुठी मिळून बांधून टाकायच्या. दोरी सापडेना. मापाची टेप गळ्यातच होती. पिवळी, प्लास्टिकची, नवी. चांगली ताणून शिंप्याची गाठ मारली. ही गाठ आमच्या ह्यांनी शिकवली, मेल्याशिवाय सुटत नाही. म्हणजे मी सोडल्याशिवाय.

दुपारी डुलकी काढताना बांधायची, उठलं की सोडून परत गळ्यात. काम अडत नाही.

टोळ शाळेतून आली. कपाटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, आजी, कपाटाचं माप घेतेस का? म्हटलं, हो, त्याला फ्रॉक शिवायचाय.

१६ जून

गाठ सैल वाटते. टोळ ओढत असणार. आज भिंतीला पाय लावून ताणली.

१९ जून

शाळेची ऑर्डर आली. साठ स्कर्ट. कारकूनबाईंनी कमरेची मापं लिहून दिलीत, मला फक्त कापून शिवायचं. डोळे मिटून करीन.

२९ जून, रविवार. संध्याकाळी.

लेकीचा फोन. रविवारचा नियम. म्हटलं, खाते बाई, घर खाते, आता भिंती राहिल्यात. लेक म्हणाली, वाढीचं वय आहे, खाऊ दे. उंची किती झाली, मोजून सांग.

मोजली. चोपन्न.

परत मोजली. चोपन्न.

फोनवर लेकीला आकडा सांगितला. म्हणाली, एवढं खाऊन एक सूतही नाही? पुढच्या महिन्यात परत मोज. नाहीतर मी हिला इकडेच घेऊन येते, आमच्या डॉक्टरांना दाखवते, मग बघू कुठं ठेवायची ते.

मग बघू म्हणजे काय?

फोन ठेवल्यावर टोळीला म्हटलं, अगं, जातं कुठं सगळं? म्हणाली, पायात. चहाटळ झालीय. कुणावर गेलीय कोण जाणे.

२ जुलै

विचार केला. वाढत नाही, तर ती खातच नाही. म्हणजे कपाटातलं दुसरंच कुणीतरी नेतंय. गाठ जशीच्या तशी असते आणि ब्रेड कमी होतो. काल बारा तुकडे होते, आज सात. मी दोन खाल्ले. (तीन.)

बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर ठेवला. टोळ स्टूल न घेता काढते. उडी मारत असणार.

५ जुलै, शनिवार

पोलिसी बुद्धी. कपाटाच्या मुठींना शिलाईचा खडू कुटून लावला. पांढरी पूड. जो हात लावेल त्याची बोटं पांढरी.

संध्याकाळी पाच. सगळ्यांची बोटं तपासली. टोळीची स्वच्छ. इस्त्रीवाल्याची काळी. पांढरी फक्त माझी.

मीच गाठ सोडते, मग माझीच असणार. पण दोन मिनिटं घाबरले, झोपेत मीच खाते की काय.

८ जुलै

मशीनचा छोटा स्क्रू ड्रायव्हर सापडत नाही. घरात चोरच आहे.

१४ जुलै

इस्त्रीवाला म्हणाला, मावशी, पोरीचा स्कर्ट गुडघ्याच्या वर गेलाय, वाढली वाटतं. म्हटलं, कापड आटलंय, तुला काय कळतं कापडातलं? त्याचा धंदा सुरकुत्यांचा.

कापडच आटलंय. हाच लॉट खराब होता.

२७ जुलै, रविवार

फोनच्या आधीच मोजली. भिंतीला टाचा लावून, डोक्यावर वही ठेवून, खालून वर टेप. चोपन्न. टोळीने मान वर ताणली, मी खाली दाबली. परत चोपन्न.

लेकीला काय सांगू? पंचावन्न सांगावं वाटलं. पण ती नर्स, येऊन बघणार. आणि खोटं बोलायचं नाही असं पहिल्या पानावर लिहायचं राहिलं होतं, तरी तो माझा नियम आहेच. चोपन्न सांगितलं.

लेक म्हणाली, आई, तू म्हणतेस खूप खाते, टेप म्हणते वाढत नाही. दोघांपैकी एक चुकतंय. म्हटलं, टेप चुकत नसते.

ती म्हणाली, तेवीस ऑगस्टला येते.

ही पोर नेली तर घरात मशीन आणि मी. आणि इस्त्रीवाला, तो मोजायचा नाही.

१ ऑगस्ट

नवा निश्चय. तेवीसच्या आत उंची वाढवायची. म्हणजे खायला घालायचं. पण कपाट सोडलं तर चोर खाणार, टोळीच्या अंगी लागणार नाही. म्हणून गाठ आणखी घट्ट, आणि माझ्यासमोर ताटात जास्त.

टोळीला दारावर लोंबकळायला लावलं. अर्धा तास. उंची चोपन्न. दाराची बिजागरी कुरकुरते.

५ ऑगस्ट, मंगळवार

स्कर्ट शाळेत गेले. साठच्या साठ. कामात मी वाघीण.

६ ऑगस्ट

दुपारी गिऱ्हाईकबाई बसल्या होत्या, इस्त्रीवालाही होता. टोळ शाळेतून आली, तिसऱ्यांदा भात घेतला. मी म्हटलं, धावा हो, टोळधाड आली, आपापली शेतं सांभाळा! सगळे हसले. गिऱ्हाईकबाई तर पोट धरून.

टोळीने चमचा खाली ठेवला. ताट उचललं, मोरीत नेलं.

चेष्टा होती. रोजचीच.

८ ऑगस्ट, शुक्रवार

टोळ अर्धं ताट ठेवते. परवापासून. म्हणजे प्लॅन जमला. दोन महिने झटले त्याचं फळ.

कपाटातला ब्रेड मोजला. कालच्याइतकाच.

हवा होता तो कंट्रोल आला, तर गोड का लागत नाही, कळत नाही. साखर कमी पडली असेल चहात.

९ ऑगस्ट

अंडी आणली. टोळीला म्हटलं, घे गं, टोळ. म्हणाली, नको. तिला आवडतात तशी, पिवळं जरा ओलं राहील अशी उकडली. नको म्हणाली. मी दोन खाल्ली, नाहीतर वाया गेली असती.

१२ ऑगस्ट, मंगळवार. दुपारी बारा.

शाळेतून कारकूनबाई आल्या. एका हाताने टोळीला धरलेलं, दुसऱ्या हातात पिशवी. कवायतीच्या तासाला पोरगी मटकन खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी. सकाळी काही खाल्लं नव्हतं म्हणाली.

ऊन असणार. आज ऊनच तसं आहे.

पाणी दिलं, साखर दिली, मांडीवर डोकं घेतलं. पाय पलंगाबाहेर जात होते. पलंग लहान आहे आमचा.

कारकूनबाईंनी मग पिशवी उघडली. स्कर्ट. म्हणाल्या, एकूणएक सैल. आज कवायतीला हात वर केले की पोरींचे स्कर्ट खाली. एका हाताने कवायत, एका हाताने स्कर्ट, असं चाललं होतं. मी म्हटलं, बाई, हल्ली मुली खातच नाहीत, कमरा बारीक झाल्यात. त्या मांडीवरच्या टोळीकडे बघत राहिल्या. ते बघणं मला आवडलं नाही.

शाळेने लेकीला फोन केलाय. माझ्या आधी.

१३ ऑगस्ट

लेक फोनवर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, तेवीसला येतेय, तिचे कपडे भरून ठेव.

भरले नाहीत. बॅगेची चेन खराब आहे.

टोळीला विचारलं, तुला जायचंय का गं? म्हणाली, तिकडं कपाट बांधलेलं नसतं.

१७ ऑगस्ट, रविवार

आज बांधलं नाही. दिवसभर उघडं. टोळीला म्हटलं, खा गं बाई. तिने दोन तुकडे खाल्ले, माझ्याकडे न बघता. मी पाठ करून मशीन चालवत बसले, म्हणजे मोजतेय असं वाटायला नको. मशीनमध्ये कापड नव्हतं.

२३ ऑगस्ट, शनिवार. सकाळी नऊ.

लेक आली. रात्रभरचा प्रवास, डोळे लाल. मी ठरवलं होतं, शांतपणे सगळं समजावून सांगायचं. मुद्दे लिहून ठेवले होते. ऊन, कापड, चोर.

तिने आधी चहासाठी साखर काढायला कपाट उघडलं. मी नेहमी उजवंच दार उघडते; तिने डावं ओढलं, ते मुठीसकट हातात आलं. अख्खं. बिजागऱ्यांना एक स्क्रू नाही.

टोळीने निमूटपणे कंपासपेटी उघडली. आत चार स्क्रू आणि माझा स्क्रू ड्रायव्हर. म्हणाली, गाठीला मी कधी हातच लावला नाही, आजीने सांगितलं होतं ना, सोडायची नाही म्हणून. मी दुसऱ्या बाजूने उघडायचे. आणि परत लावून ठेवायचे. मागच्या पंधरा दिवसांत तसं नाही उघडलं. शेवटच्या वेळी दार नुसतं टेकवून ठेवलं, स्क्रू लावायचे राहिले.

मी म्हटलं, मला माहीत होतं. कुणी ऐकलं नाही.

सकाळी साडेनऊ

लेकीने तिच्या पर्समधली टेप काढली, दवाखान्यातली. पोरीला भिंतीशी उभं केलं. साडेपंचावन्न.

म्हटलं, तुझी टेप आखूड आहे. तिने दोन्ही टेपा जमिनीवर शेजारी शेजारी पसरल्या. वीसच्या आकड्यापर्यंत दोघी बहिणी. पुढे माझी टेप लांब लांब जात राहिली. वीस ते तीसच्या मधे प्लास्टिक पातळ होऊन पांढरं पडलं होतं, बरोबर जिथं गाठ यायची. शेगडीची ऊब, वर माझं ताणणं. पुढचे सगळे आकडे तेवढे पुढे सरकलेले.

म्हणजे पोरगी वाढत होती. आणि मी रोज दुपारी टेप वाढवत होते, तिच्याबरोबरीने.

आणि साठ स्कर्ट. कमरा सगळ्या वीसच्या पुढच्या.

लेक हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली. मग पोरीचं मनगट हातात धरून बघत बसली. म्हणाली, आई, हिला भूक लागली होती गं. एवढंच होतं.

माझ्या मुद्द्यांचा कागद चहात भिजला.

२४ ऑगस्ट, रविवार

गेल्या. दुपारच्या गाडीने.

दार टोळीने स्वतः बसवलं, चारही स्क्रू घट्ट. ड्रायव्हर माझ्या हातात दिला. मी म्हटलं, सांभाळून जा हो, गाडीच्या सीटा खाऊ नकोस. वाटलं, फुगेल. तर वाकून माझ्या गालाचा पापा घेतला. वाकून. कधीपासून वाकायला लागली, लक्षात नव्हतं.

म्हणाली, आजी, टोळ एका शेतात किती दिवस राहणार?

कुणावर गेलीय, आता कळलं.

सुट्टीत येईल. लेक बघू म्हणाली. बघू म्हणजे येईलच. तिकडं तिला असं हसवणारं कोण आहे?

२५ ऑगस्ट

नवी टेप आणली. साठ स्कर्ट उसवायला घेतले. इस्त्रीवाला म्हणाला, मावशी, शांत वाटतं नाही घर? म्हटलं, डोकेदुखी गेली. भात शिजवला, नेहमीच्या मापाने. पातेलं उरलं. त्याला दिलं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

सवयीने सहा अंडी उकडली. एक खाल्लं. उरलेली पाच उरली.

कपाट उघडंच असतं. ब्रेड सोमवारी आणला होता. रोज मोजते. तेवढाच. आज बघितला तर कडेला हिरवा झालेला. फेकला.

म्हणजे शेवटी कंट्रोल जमला.