छपाईची दोन कार्डं

सर,

तुमच्याशी मी एकदा खोटं बोलले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा म्हटलं तर आता जरा थांबावं लागतं, पण ते खोटं आठवायला थांबावं लागत नाही. साताऱ्याच्या या घरात दिवसभर कोणी बोलणारं नसतं. कुकरच्या शिट्ट्या मोजायलाही दुसरं माणूस नाही. म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आपल्या कॉलेजला एक संगणक मंजूर झाला होता आणि पुण्यातल्या दोन कंपन्यांपैकी कोणाचं यंत्र घ्यायचं, हे तुम्ही ठरवायचं होतं. मी तुमच्या हाताखाली नवीनच लागलेली, जरा जास्तच हुशार. एका रविवारी सांगलीच्या तुमच्या स्वयंपाकघरात मी कंपनीचं पत्रक वाचून दाखवते आहे, एका सेकंदात इतक्या लाख बेरजा वगैरे. तुम्ही पाटावर बसून शेंगा फोडताय, काकू भाकरी थापतायत. वर्गात तुम्ही अगदी पुस्तकी बोलायचात, घरी मात्र तुमच्या गावचं, उंब्रजचं. "आगं, त्यो आकडा त्यांच्या सोयीचा हाय. आपल्याला काय नुसत्या बेरजा करायच्यात व्हय? आपल्याला नदीचं गणित करायचंय." कोयनेतून पाणी सुटलं की सांगलीच्या पुलापाशी ते किती चढेल, याचं कोष्टक तुम्हाला पावसाळ्याच्या आत करायचं होतं. मग आपण त्याच गणितातला एक तुकडा निवडला. गुणाकार, भागाकार, वर्गमुळं, तुमच्या नदीत जशी येतात तशाच प्रमाणात. दोन्ही यंत्रांकडून तो हजारो वेळा करून घ्यायचा आणि वेळ मोजायची. त्या तुकड्याचं उत्तर तुम्ही लॉगॅरिदमची कोष्टकं घेऊन हातानं काढलंत, त्यात तुमचा आठवडा गेला. तो कागद माझ्याकडे देताना म्हणालात, "आधी उत्तर ह्याच्याशी जुळव, मग घड्याळाकडं बघ. उलटं करू नगंस."

तेव्हा प्रोग्रॅम भोकं पाडलेल्या कार्डांवर असायचा, एका ओळीला एक कार्ड. कार्डांचा डबा मांडीवर घेऊन मी एसटीनं निघाले आणि कऱ्हाड मागे पडल्यावर मला शहाणपण सुचलं. उत्तर छापणारं यंत्र फार सावकाश चालतं. आपल्याला वेग मोजायचाय तो गणित करणाऱ्या भागाचा, छापणाऱ्याचा नव्हे. मग मध्ये छपाई कशाला? मी डबा उघडला आणि उत्तर छापायला सांगणारी दोन कार्डं काढून पर्समध्ये टाकली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! एकदा छापून आणि एकदा न छापता, असं दोनदा चालवून बघता आलं असतं. सुचलं नाही असंही नाही, पण पहिल्या कंपनीच्या यंत्राला चार मिनिटं लागली आणि दुसऱ्याचं काम मी घड्याळाकडे नीट बघायच्या आत उरकलं. तिथला साहेब खूश होऊन मला मॅडम म्हणाला, चहा मागवला. मला तोवर कोणी मॅडम म्हटलं नव्हतं.

परत आल्यावर तुम्ही वेळेचे कागद पाहिलेत. "किती पळतंय ते कळलं. पण पोचलं कुठं ते सांग की. उत्तर जुळलं का?"

"जुळलं, सर."

तुम्ही पुढे काही विचारलं नाहीत. दुसऱ्या कंपनीच्या यंत्रासाठी सही केलीत.

यंत्र आलं आणि तुमच्या कोष्टकापाशी रांगायला लागलं. पावसाळा आला, कृष्णा चढली, आणि कोष्टक निम्मंही झालं नव्हतं. कॉलेजच्या समितीनं जाब विचारला. मी तुमच्या शेजारच्याच खुर्चीत होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "चाचणी माझी आणि सहीही माझी." संगणकाच्या खोलीची किल्ली तुमच्याकडून काढून घेतली आणि तुम्हाला पहिल्या वर्षाच्या जमीन-मोजणीच्या तासांवर पाठवलं. तुम्ही मुलांना घेऊन भर उन्हात मैदानात साखळी ओढताय आणि मी त्या गार खोलीच्या काचेतून बघते आहे. तुम्ही हात वर करायचात. मी कार्डं लावण्यात गुंतल्याचं दाखवायचे.

त्याच हिवाळ्यात मला कारण सापडलं. आपला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवून देणारी जी व्यवस्था असते, ती त्या कंपनीची फार चलाख होती. या गणिताचं उत्तर पुढे कुठेच लागत नाही, कोणी छापूनही मागत नाही, हे तिनं ओळखलं आणि सगळं गणितच गाळून टाकलं. यंत्र पळालंच नव्हतं, सर, ते जागचं हललंही नव्हतं! कारण कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठले. तुम्हाला हे केवढं आवडलं असतं! पोट धरून हसला असतात, फळ्याकडे धावला असतात. सांगलीत हे समजणारे तुम्ही एकटेच होतात, आणि तुम्हालाच सांगायची सोय नव्हती. मी परत बसले. पुढे शिकवायला लागल्यावर दर वर्षी ही चूक मुलांना सांगितली, माझ्या ओळखीच्या एका बाईंची म्हणून.

हे पत्र उंब्रजच्या पत्त्यावर टाकलं तर तुमची सून ते काकूंना वाचून दाखवेल. मागच्या महिन्यात मी सगळं सांगायचं ठरवूनच तिकडे गेले होते. काकूंनी नव्वदी गाठलीय, ऐकायला कमी येतं, पण मला ओळखलं. माझा हात धरून सुनेला म्हणाल्या, "आमचं हे सारखं म्हणायचं, इस्वास टाकावा तर ह्या पोरीवर. डोळं झाकून." सून माझ्याकडे बघून हसली. मी चहा प्यायले, काकूंच्या पाया पडले आणि निघाले.

भ्यायले नव्हते, सर. मला चांगली म्हणणारं आता तेवढं एकच माणूस उरलंय, आणि ते मला गमवायचं नाहीये.