बाईसाहेबांची रंगीत तालीम

४ फेब्रुवारी

मांजरासाठी पंधरा दिवसांची रजा! साहेबांना खरं कारण सांगितलं असतं, तर कायमचीच मिळाली असती.

सासूबाईंच्या गुडघ्यांनी जिन्याशी कट्टी केली, म्हणून त्या आमच्याकडे राहायला तयार झाल्या. अट एकच – त्यांची मांजर, बाईसाहेब, आमच्या गाडीतून सुखरूप पोचली पाहिजे. सहा तासांचा रस्ता. "तिची तयारी होईना, तर मी आपली इथेच. एकटी." स्वतः त्या ट्रेनने येणार. सासरे अपघातात गेले, तेव्हापासून अकरा वर्षं गाडीत पाऊल टाकलेलं नाही.

तोवर आमचा मुक्काम त्यांच्याच घरी.

५ फेब्रुवारी

पिंजरा बैठकीत. दार उघडं, आत सासूबाईंची जुनी शाल. "सवय होऊ दे तिला." दहा मिनिटांत बाईसाहेब आत जाऊन घोरायला लागल्या.

"झाली की तयारी!" मी म्हटलं.

"लेख खरडण्यापलीकडे कशातलं कळतं का गं तुला?"

नाही.

७ फेब्रुवारी

पिंजरा मागच्या सीटवर. इंजिन बंद. सासूबाईंनी पट्टा अडकवून असा हिसका दिला की गाडीच हलली, पिंजरा नाही. "मांडीवर घेऊन बसतात शहाणे! ब्रेक लागला की मांजर कुठली, तोफगोळा!"

आणि शेजारी स्वतः बसल्या! पंधरा मिनिटं. एका मांजरापायी! मी नवऱ्यासाठी सोफ्यावरून उठत नाही.

१० फेब्रुवारी

इंजिन चालू. बस्स, एवढंच. सासूबाई घामाघूम. बाईसाहेब घोरताहेत.

१३ फेब्रुवारी

गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत. निघण्याआधी चार तास मांजराचं खाणं बंद – गाडी लागायला नको. सासूबाईंनीही घास घेतला नाही. काय ही निष्ठा! थांबलो तेव्हा त्यांचा हात मनगटापर्यंत पिंजऱ्यात, डोळे मिटलेले. पुटपुटत होत्या, "आलंच हं… आलंच."

मांजर जागीसुद्धा नव्हती.

१६ फेब्रुवारी

पेट्रोल पंपापर्यंत मजल. नवरा म्हणाला, "आई, चहा घेऊ पटकन. मांजर राहील की गाडीत पाच मिनिटं."

"तुलाच कोंडते काचा लावून! ऊन बघ केवढंय. बस पाच मिनिटं, मग चहा पाजते!"

पन्नाशीचा मुलगा कान पाडून उभा. पंपावरचा माणूसही दोन पावलं मागे सरला. बाई आहे की तोफखाना! मी म्हातारपणी याच्या निम्मी झाले तरी पुष्कळ.

रविवारच्या सदराला विषय मिळाला – 'घाबरट मांजर आणि तिची आया'. दोन पानं झाली. फर्मास जमलंय.

१९ फेब्रुवारी

पोचलो! सगळे सुखरूप.

सकाळी स्टेशनच्या वळणावर मी इंडिकेटर दिला. मागून आवाज आला, "सरळ घे."

"आई, तुमची ट्रेन?"

"तिकीट काढलंच नव्हतं."

आरशात पाहिलं. हात मनगटापर्यंत पिंजऱ्यात. या वेळी डोळे उघडे.

आत्ता मागची पानं चाळली. बाईसाहेब पाच तारखेपासून घोरताहेत – मीच लिहून ठेवलंय!

लेख फाडला.