मारलं आणि नाही मारलं

२ ऑगस्ट
नवऱ्याचं पूर्ण नाव लिहायची इच्छा नाही. ग. पुरे. सकाळी दोघांच्या वावरांमधल्या धुऱ्यावर ग.ने बैलबंडीच्या कडेची लाकडी उभारी उपसली आणि सख्ख्या धाकट्या भावाच्या, मधूच्या, डोक्यात घातली. एकदा नाही. तो आडवा झाल्यावरही. कारण काय, तर मधूने कपाशीची दोन तासं, दोन ओळी, आमच्या वावरात सरकवून पेरली. मी डबा घेऊन गेलते, बाजूलाच उभी. ओरडले की नाही, आठवत नाही. मग तोच ग. उभारी फेकून मधूला पाठीवर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत पळाला. रडत. यवतमाळच्या दवाखान्यात रक्तही त्यानेच दिलं.

४ ऑगस्ट
दारव्ह्याला कॉलेज. अकरावी, तर्कशास्त्र. नेमका आजच विरोधाभास आणि व्याघात. फळ्यावर लिहिलं: विरोधाभास म्हणजे अशक्य वाटतं, पण नीट पाहिलं तर दोन्ही खरं. व्याघात म्हणजे एक खरं तर दुसरं खोटंच. एक पोरगी म्हणे, मॅडम, उदाहरण? ज्याने डोकं फोडलं त्यानेच रक्त दिलं, हे ओठांवर आलं होतं. गिळलं.
घरी सासूबाई: "जीव घ्याचा असता तं रगत कायले देल्लं असतं त्यानं?" दोन्ही केलं त्याने, मी म्हटलं. "तुयं डोस्कं फिरलं." ताट भिंतीवर फेकलं मी. वरण छतापर्यंत उडालं. बरं वाटलं.

७ ऑगस्ट
मधू शुद्धीवर. पोलिसांना बयान: "बंडीवरून पडलो. कोनं मारलं नाही." ग. बाहेर बाकावर हमसून रडला. भाऊ देव निघाला म्हणे.
जमादार मला बाजूला घेऊन: "डॉक्टर म्हनते, पडून तीन जागी डोस्कं फुटत नाही. तुमी वावरात होत्या ना मॅडम? तुमचं बयान घ्या लागते."
मारलं, नाही मारलं. इथे दोन्ही खरं नाही होऊ शकत. व्याघात. आणि पाहिलं फक्त मी.

८ ऑगस्ट
मधूला मोसंबीचा रस द्यायला गेले. काहून खोटं बोलला, विचारलं. हसला तसे टाके ताणले.
"वहिनी, जेलात गेल्यावर तो मले कसा सापडन? मले तो घरी पायजे."
किती साधेपणाने बोलला. बैलजोडी मागावी तसा. "तुमी बी पडला म्हनूनच सांगा."
घरी येऊन ग.ला सगळं सांगितलं. तो हसतो. "मायं रगत हाये त्याच्यात. तो मले मारन?"
थोबाडीत दिली मी. त्याने हात उचलला, मग खाली घेतला. मला वाटलं, मारायला हवं होतं, म्हणजे मला सोपं गेलं असतं.

१० ऑगस्ट
खरं सांगितलं तर ग. आत. खोटं सांगितलं तर मधूच्या तावडीत. ठाण्यात जायला दोनदा निघाले, काळीपिवळी जीपमध्ये बसून परत उतरले.
ग.चा चेहरा मला पाहवत नाही. ग. मेलेला मला पाहवणार नाही. खूप तपासलं. व्याघात नाही हा. दोन्ही खरं आहे, आणि या माणसावर अजून जीव आहे माझा, याची मला लाज वाटते.

१३ ऑगस्ट
मधूला दवाखान्यातून सुट्टी. ग.च आणायला गेला. दोघं एका ताटात जेवले. सासूबाई कृतार्थ. मी भांडी आपटत बसले.

१६ ऑगस्ट
वजन उचलू नको सांगितलंय, तरी मधू सकाळपासून अंगणात लाकडं फोडून राह्यला. प्रत्येक घावाला ग.कडे पाहतो. ग.ला वाटतं, भाऊ बरा होऊन राह्यला.
आत्ता जमादार आला, बयानासाठी. ओसरीत बसलाय. चहा ठेवला आहे, तेवढ्यात हे लिहिते. ग. आत येऊन कानाशी म्हणाला, "पडला म्हन फक्त. मधू बी तेच म्हनते." आनंदात आहे. लग्नापासून इतका आनंदात मी त्याला पाहिला नव्हता.
बाहेर कुऱ्हाड थांबली आहे. चहा गाळून घेऊन जाते.